फेणीचा ग्राव आणि बाटलीवरचे ४२.८

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत काजूच्या भट्ट्यांवर बोलताना मी एक विधान केलं होतं, की भट्टीवाल्यांचा ‘ग्राव’ हे अंदाजपंचे माप आहे, त्यावर विश्वास ठेवू नये. ते विधान आज मागे घ्यायचं आहे. चूक माझी होती आणि ती इंजिनिअरची चूक होती, म्हणून जास्त बोचते.

आधी थोडक्यात प्रक्रिया सांगतो. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. फेब्रुवारी-मार्च ते मे हा हंगाम. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलाच वेचतात. बी काढून बोंडे कोळमीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्यावर दगडाचं वजन ठेवलं की जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. तो गोडच पितात. तुडवलेला रस मडक्यांत किंवा पिंपांत दोन-तीन दिवस आंबतो. त्यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत, फळावरचं आणि हवेतलं यीस्टच काम करतं.

आंबलेला रस भाणात, म्हणजे तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात, उकळतात. अल्कोहोल सुमारे ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. म्हणून वाफेत अल्कोहोलचं प्रमाण रसापेक्षा जास्त असतं. ही वाफ नळीतून लावणीत येते. लावणी म्हणजे मातीचं गोल मडकं. त्यावर वरून सतत पाणी ओतत राहायचं, की आतली वाफ थंड होऊन द्रव होते. आता बहुतेक ठिकाणी लावणीच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी आली आहे. कारखान्यातला कंडेन्सर आणि ही लावणी यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. सांधे मात्र आमच्याकडे गॅस्केटने बंद होत, इथे कापड आणि वारुळाच्या मातीने होतात.

पहिल्या उकळीतून निघतो तो हुर्राक. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा उकळलं की फेणी. पूर्वी तिसरी उकळीही करत. फेण म्हणजे फेस, त्यावरून फेणी, असं मानतात. द्रव वरून ओतला की उठणारे बुडबुडे किती मोठे आणि किती वेळ टिकतात, यावर जुनी माणसं ताकद ओळखत.

आता ग्राव. हा शब्द पोर्तुगीज ‘ग्राउ’ म्हणजे अंश. माप मात्र मुळात फ्रेंच. अठराव्या शतकातल्या कार्तिए या फ्रेंच माणसाच्या मापकाचं. काचेची नळी द्रवात सोडायची. द्रव जितका हलका तितकी ती खोल बुडते आणि दांडीवर आकडा वाचायचा. ब्राझीलमध्ये काशासा याच अंशांत मोजत, गोव्यात फेणी. या मापात एक गोम आहे. शुद्ध पाणी शून्यावर नसतं, ते १० वर असतं. त्यामुळे १५ ग्रावचा हुर्राक म्हणजे १५ टक्के अल्कोहोल, हा सर्वत्र पसरलेला समज चुकीचा आहे. तो पंचविशीच्या आसपास जातो. हुर्राक सरबतासारखा पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

माझी चूक अशी झाली. सत्तरीतल्या एका भट्टीवर माझ्यासमोर १९ ग्राव भरला. घरी येऊन कोष्टक पाहिलं तर १९ कार्तिए म्हणजे ४९ टक्के. पण फेणीच्या सीलबंद बाटलीवर लिहिलेलं असतं ४२.८. सहा टक्क्यांचा फरक! मी निष्कर्ष काढला की भट्टीवाला फुगवून सांगतो.

यंदाच्या हंगामात पुन्हा गेलो तेव्हा त्याच वृद्ध गृहस्थांना थेट विचारलं. ते हसून म्हणाले, “सायबा, दनपारां मापलो जाल्यार ग्राव चड दाखयता, सकाळीं मापलो जाल्यार उणो.” दुपारी जास्त, सकाळी कमी. मी खजील झालो. कोष्टक युरोपातल्या, १२ ते १५ अंश तापमानासाठी बनवलेलं. गोव्यात एप्रिलमध्ये ३० अंश. गरम द्रव हलका होतो, मापक खोल जातो आणि आकडा फुगतो. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के धरले तर १५ अंशांत सहा टक्के. ४९ मधून सहा वजा केले तर ४३. हिशेब जुळला. मी एक नमुना दुपारी ३२ अंशांना आणि पहाटे २४ अंशांना मोजला. जवळपास एक ग्रावाचा फरक पडला. आयुष्यभर तापमानाची दुरुस्ती करत आलेल्या मला ती भट्टीवर सुचली नव्हती. त्यांना ती कोष्टकाशिवाय माहीत होती.

मग ४२.८ कुठून आले? ते इंग्रजांचे. ब्रिटिश पद्धतीत ‘प्रूफ’ दारू म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, मुळात बंदुकीची दारू भिजवून पेटते का हे पाहण्याच्या चाचणीवरून आलेलं. त्याचे ७५ टक्के म्हणजे ४२.८. भारतातल्या व्हिस्की-रमवरही हाच आकडा असतो. म्हणजे भट्टीवर पोर्तुगीजांच्या हातून आलेलं फ्रेंच माप आणि बाटलीवर इंग्रजी माप. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. शेजारच्या मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तरी इथल्या भट्ट्या चालू राहिल्या, म्हणून जुनं माप टिकलं.

आज जगात गावठी दारूंचा काळ चांगला आला आहे. मेक्सिकोच्या मेस्कालच्या बाटलीवर गाव आणि बनवणाऱ्याचं नाव छापतात, आणि ग्राहक त्यासाठी जादा पैसे मोजतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. पण कायद्यात ती बराच काळ ‘देशी दारू’च्या रकान्यात राहिली. मानांकनाची हद्दही राजकीय सीमेवर थांबते. दोडामार्गचा बोंडू तोच, पण त्याची फेणी मानांकनात बसत नाही.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. बाटल्या वाढतील, डिजिटल मापकं येतील, ते चांगलंच आहे. पण दुपारचा ग्राव सकाळी उतरतो हे सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि त्यांची मुलं भट्टीवर नाहीत. त्यांचं ज्ञान खोटं ठरवायला मला एक कोष्टक पुरलं होतं. ते खरं ठरवायला मात्र पुन्हा जाऊन विचारावं लागलं.

मंडळाच्या सभासदांना विनंती. घरात काचेचा जुना ग्राव-मापक किंवा भट्टीच्या पावणीचे, म्हणजे लिलावाचे, कागद असतील तर दाखवावेत. आणि भट्टीवर जाल तेव्हा ग्राव लिहिताना शेजारी वेळ आणि तापमानही लिहावं. तापमानाशिवाय लिहिलेला ग्राव उद्या कुणालाही फसवेल, जसा त्याने मला फसवलं.