सहा दिवस आणि साडेसहा कोटी वर्षे

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या दाटीत गिल्बर्ट हिल हा काळ्या बेसॉल्टचा सुळका उभा आहे. सुमारे दोनशे फूट उंचीच्या या खडकाचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास असल्याचे भूवैज्ञानिक सांगतात. त्याच अंधेरीच्या पूर्वेस, सीप्झच्या आवारात, जेझुइटांनी १५७९ साली बांधलेल्या चर्चचे भग्नावशेष आहेत. ते चर्च उभे राहिले त्या काळी ख्रिस्ती जगात सृष्टीचे वय काही हजार वर्षेच मानले जाई. पुढे १६५० साली आर्चबिशप अशर यांनी तर बायबलमधील वंशावळींवरून हिशेब मांडून इ. स. पूर्व ४००४ हे निर्मितीचे वर्षही ठरवून टाकले.

सुळका आणि चर्च यांच्यातील अंतर थोड्या किलोमीटरांचे. त्यांनी सुचविलेल्या कालगणनांमधील अंतर मात्र अफाट आहे. उपनगरातील ख्रिस्ती विद्यार्थ्याला ते वारंवार ओलांडावे लागते. धर्मशिक्षणात उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस भेटतात, विज्ञानाच्या तासाला कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती. परीक्षेपुरते एक उत्तर आणि प्रार्थनेपुरते दुसरे, अशा दोन वह्या त्याने जन्मभर बाळगाव्यात काय?

डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि धर्म व विज्ञान यांचे युद्ध पेटले, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. मुंबईच्या खडकात सापडलेल्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन १८४७ साली करणारे रिचर्ड ओवेन हे पुढे डार्विनचे कडवे टीकाकार झाले; ते धर्मगुरू नव्हते, नामांकित शास्त्रज्ञ होते. उलटपक्षी, अमेरिकेत डार्विनची बाजू हिरिरीने मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तर मठवासीच होता.

याहून बोलका दाखला अर्थशास्त्राच्या इतिहासात आहे. १८३८ साली डार्विनने माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचला आणि नैसर्गिक निवडीच्या कल्पनेला गती मिळाली. अन्नापेक्षा तोंडे वेगाने वाढतात, म्हणून जगण्यासाठी झगडा अटळ ठरतो, हे त्या निबंधाचे सूत्र. हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना हेलीबरी येथे अर्थशास्त्र शिकविणारा हा माल्थस स्वतः दीक्षित ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. या कठोर नियमाचा ईश्वराच्या दयाळूपणाशी मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्याने १७९८ च्या निबंधाच्या अखेरच्या प्रकरणांत स्वतःच हाती घेतला होता. म्हणजे शंका आणि श्रद्धा दोन्ही एकाच घरात नांदत होत्या.

कॅथलिक चर्चची वाटचाल सावध, पण एका दिशेने झाली आहे. बाराव्या पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र साक्षात ईश्वरनिर्मित आहे, ही अट ठेवली. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी उत्क्रांती हे केवळ गृहीतक राहिलेले नाही, असे मान्य केले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी निर्मिती व उत्क्रांती यांत विरोध नाही, असे सांगितले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर आणि सांतापाव या जेझुइट धर्मगुरूंनी वनस्पतिसंशोधनात हयात घालविली. सांतापाव यांनी तर पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालकपदही सांभाळले.

तथापि एवढ्याने सर्व काही सुरळीत झाले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बायबलचा शब्दार्थच प्रमाण मानणारे काही पंथ आजही उत्क्रांती नाकारतात. शिवाय खरी अडचण सहा दिवसांची नाहीच. दिवस या शब्दाचा रूपकात्मक अर्थ घेता येतो. सृष्टीचे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत, हे संत ऑगस्टीनने डार्विनच्या चौदा शतके आधीच ओळखले होते. अडचण आहे ती वेदनेची. माणूस जन्मण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे जीव मरत होते, तर मृत्यू हे आदामाच्या पापाचे फळ कसे? या प्रश्नाला तयार उत्तर नाही. क्रूसावरील ईश्वरही वेदनेबाहेर राहिला नाही, एवढेच श्रद्धावंत म्हणू शकतो. ते प्रयोगशाळेत सिद्ध होणारे विधान नव्हे. पण प्रयोगशाळेने खोडून काढलेलेही नाही.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अभ्यासाचा भार हलका करणे, हे त्याचे कारण देण्यात आले. भार असा हलका होत नसतो. अवघड प्रश्न वर्गाबाहेर घालविला, की तो विद्यार्थ्याच्या मनात एकटाच वाढतो आणि मग श्रद्धेचा हट्ट होतो किंवा विज्ञानाचा तिरस्कार. खडकाचे वय खडकाला विचारावे, जगण्याचा अर्थ धर्मग्रंथात शोधावा आणि दोन्ही उत्तरे एकाच वहीत लिहिण्याचे धैर्य शिक्षकाने द्यावे. वहीत काही जागा कोरी राहील. ती कोरी ठेवण्यात श्रद्धेचाही अपमान नाही आणि बुद्धीचाही नाही.