ऑर्डरचा फॉर्म : तपासणी दोन्हीकडे हवी
संकेतस्थळावर ऑर्डर घेणाऱ्या व्यापारी-कारागीर बांधवांना तीन गोष्टींचा त्रास होतो : अर्धवट मोबाईल नंबर, चुकीचा जीएसटी क्रमांक आणि एकच ऑर्डर दोनदा. यावर उपाय जावास्क्रिप्टचा. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी तयार केलेली ही संगणकभाषा ग्राहकाच्या ब्राउझरमध्येच चालते. मोबाईलचे १० अंक, जीएसटी क्रमांकातील १५ अक्षरे-अंक मोजून ती चुकीचा फॉर्म अडवते. एकदा दाबलेले बटण बंद करते.

मात्र ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करता येते, फॉर्ममधला दरही बदलता येतो. म्हणून दर व रक्कम आपल्या सर्व्हरवर पुन्हा तपासलीच पाहिजे. फॉर्म बनवून घेतानाच ही अट घालावी. हिशेब चोख, तरच तिजारतीत बरकत.