परकीय भाषेच्या प्राथमिक ज्ञानाचे जतन

परकीय भाषेच्या प्राथमिक ज्ञानाचे जतन म्हणजे एखाद्या परभाषेचा आरंभिक अभ्यासक्रम पूर्ण होऊन पुढील शिक्षण थांबल्यानंतर, शिकलेले शब्द, लिपी व व्याकरण विस्मरणात जाऊ नये म्हणून केलेली अल्प प्रमाणातील उजळणी होय. येथे प्राथमिक ज्ञान याचा अर्थ साधारणतः युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या सामायिक संदर्भ चौकटीतील ए१ व ए२ या पातळ्या, किंवा जपानी भाषा प्राविण्य परीक्षेतील एन५ व एन४ हे स्तर असा घेतला जातो. वापराअभावी भाषा विसरण्याच्या प्रक्रियेस भाषाविज्ञानात भाषाक्षय अशी संज्ञा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न परिचयाचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात दुसरी भाषा म्हणून जर्मन वा फ्रेंच घेऊन बारावीनंतर ती सोडून देणारे विद्यार्थी, तसेच पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्यूलर भवन अशा ठिकाणी पहिली पातळी उत्तीर्ण होऊन थांबणारे नोकरदार यांना तो भेडसावतो. जपानी परीक्षेच्या प्रमाणपत्राला कालमर्यादा नसते. त्यामुळे कागदावरील पातळी व प्रत्यक्ष क्षमता यांतील अंतर वर्षागणिक वाढत जाते.

विस्मरणाचे स्वरूप

विस्मरणाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने केला. निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून त्याने १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी वेगाने होते व नंतर मंदावते, हा त्याचा निष्कर्ष आजही ग्राह्य मानला जातो.

शाळेत शिकलेल्या परभाषेच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील ओहायो वेस्लियन विद्यापीठाचे हॅरी बाहरिक यांचा आहे. त्यांनी शाळा-महाविद्यालयात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ व्यक्तींची चाचणी घेतली. त्यांपैकी काहींचे शिक्षण संपून तब्बल ५० वर्षे उलटली होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार पहिल्या तीन ते सहा वर्षांत ज्ञान झपाट्याने घटते. त्यानंतर जे उरते ते पुढील सुमारे पंचवीस वर्षे जवळजवळ तसेच राहते. या टिकून राहिलेल्या अंशाला बाहरिक यांनी कायमस्वरूपी साठा असे म्हटले. उल्रिक नायसर यांनी त्याच वर्षी याचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते सुटे शब्द साठवलेले राहतात असे नसून भाषेची एक अंतर्गत रचना तयार होते व तिच्या आधारे उत्तर पुन्हा घडवता येते.

प्राथमिक पातळीवरील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या अभ्यासातील एक निष्कर्ष काहीसा निराशाजनक आहे. पहिल्या पाच वर्षांत गमावले जाणारे ज्ञान सर्वांच्या बाबतीत साधारण सारखेच असते. ज्याने बरेच शिकले आहे त्याच्या एकूण ज्ञानाचा तो लहानसा भाग ठरतो. ज्याने एकच वर्ष शिकले आहे त्याचे मात्र जवळजवळ सर्वस्व जाते. म्हणूनच जतनाची गरज याच पातळीवर सर्वाधिक आहे.

सर्व अंगे सारख्या वेगाने विसरली जात नाहीत. शब्द पाहून ओळखण्याची क्षमता तो स्वतः आठवण्याच्या क्षमतेपेक्षा अधिक टिकते. जर्मनमध्ये नामांचे लिंग लवकर डळमळते. मराठीतही तीन लिंगे असल्याने विद्यार्थ्याला त्यांची कल्पना नवी नसते, पण ती जुळतीलच असे नाही. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी व सुरी नपुंसकलिंगी आहे; पहिल्या शब्दात मराठी साथ देते, उरलेल्या दोहोंत दिशाभूल करते. याउलट जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते व विभक्तिदर्शक शब्द नामानंतर लागतात. ही रचना मराठीभाषकाला ओळखीची असल्याने तिच्या जतनासाठी वेगळे श्रम कमी पडतात. तेथे अडचण लिपीची असते. हिरागाना व काताकाना यांत प्रत्येकी ४६ मूलाक्षरे असून काताकानातील ‘शि’ व ‘त्सु’, तसेच ‘सो’ व ‘न’ यांची चिन्हे एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत.

विस्मरणास केवळ काळ कारणीभूत नसतो. अन्य परभाषेचा वापरही जुने शब्द मागे ढकलतो. डच भाषकांवरील २०२० सालच्या एका प्रयोगात, नुकत्याच शिकलेल्या स्पॅनिश शब्दांचे इंग्रजी प्रतिशब्द वारंवार आठवावे लागल्यास ते स्पॅनिश शब्द आठवणे कठीण जाते असे आढळले.

अंतर ठेवून केलेली उजळणी

पॉल पिम्सलर यांनी १९६७ मध्ये वाढत्या अंतरांची एक मालिका सुचविली. ती पाच सेकंदांपासून सुरू होऊन एक दिवस, पाच दिवस, पंचवीस दिवस, चार महिने अशी दोन वर्षांपर्यंत जाते. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली हेच तत्त्व कागदी कार्डांच्या कप्पेदार पेटीत उतरवले. अचूक आठवलेले कार्ड पुढील कप्प्यात जाते व उशिरा पाहिले जाते. चुकलेले पहिल्या कप्प्यात परतते. २००६ पासून उपलब्ध असलेली ‘आंकी’ ही संगणकप्रणाली याच वर्गातील आहे.

उजळणी किती विरळ असावी, याचे उत्तर बाहरिक, त्यांची पत्नी व दोन मुली या चौघांनी स्वतःवरच केलेल्या दीर्घ प्रयोगात मिळते. प्रत्येकाने परभाषेतील ३०० शब्दांची १४, २८ किंवा ५६ दिवसांच्या अंतराने उजळणी केली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांचा लाभ १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांइतका होता. मोठ्या अंतरामुळे प्रत्येक बैठकीत अधिक शब्द विसरलेले आढळतात आणि शिकणाऱ्याला प्रगती होत नसल्यासारखे वाटते. पुष्कळ जण उजळणी सोडून देतात त्यामागे हे एक कारण असावे.

नुसते वाचून जाण्यापेक्षा आठवून पाहणे अधिक उपयोगी ठरते. कार्पिके व रोडिगर यांच्या २००८ मधील प्रयोगात स्वाहिली शब्द वारंवार आठवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. एकदा जमलेला शब्द पुन्हा न आठवता फक्त वाचणाऱ्यांना सुमारे एक-तृतीयांश.

पुनर्शिक्षण

पूर्ण विसरलेला मजकूर दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. या बचतीचे मापन एबिंगहाउसनेच सुरू केले. बालपणी डच शिकलेल्या व पुढे सुमारे तीस वर्षे तिचा संपर्क सुटलेल्या जर्मन भाषकांवरील अभ्यासात, न आठवणारे डच शब्दही त्यांनी पुन्हा शिकताना लवकर आत्मसात केल्याचे दिसून आले. त्यामुळे दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली पातळी पुन्हा पूर्ण वेळ शिकण्याची गरज असतेच असे नाही. जुने पाठ्यपुस्तक वेगाने पुन्हा चाळून कोठे अडते ते पाहणे पुष्कळदा पुरेसे ठरते.