अकरा पौंडांचा पाठभेद

मंडळात असताना एकनाथांनी अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला (शके १५०६, म्हणजे १५८४), हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मी आता अमेरिकेत जुन्या छोट्या विमानांच्या दुरुस्तीचं काम करतो आणि खरं सांगतो, माझं अर्धं काम तसलंच आहे. मधल्या काळात कुणीतरी काहीतरी घुसडलेलं असतं, आणि कुठे नोंद नसते.

गेल्या वर्षी १९४६ सालचं पायपर जे-३ कब आलं. दोन आसनं, पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड. मूळ इंजिन ६५ अश्वशक्तीचं, स्टार्टर नाही. पंखा हाताने फिरवून चालू करायचं. मालकाने नुकतंच घेतलेलं, नातीला घेऊन उडायची घाई. पहिली दोन लॉगबुकं गहाळ! (जुन्या विमानांची लॉगबुकं हटकून हरवतात, विमानं मात्र राहतात.)

पण मोठा बदल केला की तिकडे ३३७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याची एक प्रत ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी दप्तरात जाते. ती फाइल मागवली. १९६१ मध्ये ८५ अश्वशक्तीचं, स्टार्टर-जनरेटरवालं इंजिन बसवलेलं; १९७४ मध्ये ते काढून पुन्हा मूळ जातीचं. त्यानंतरचा वजनाचा तक्ता ७९० पौंड सांगत होता. पण तो नीट बघितला तर कळलं, विमान काट्यावर चढवलंच नव्हतं, नुसती कागदावर वजाबाकी केली होती.

म्हणून आम्ही इंधन काढलं, शेपूट उचलून विमान समतल केलं आणि दोन चाकांखाली, शेपटीखाली काटे ठेवले. ८०१ पौंड. अकरा जास्त.

आता गंमत बघा. हे अकरा पौंड कुठे आहेत, तेही काटेच सांगतात. प्रत्येक काट्यावरचं वजन गुणिले पंखाच्या पुढच्या कडेपासूनचं त्याचं अंतर, आणि त्यांची बेरीज. आमची बेरीज तक्त्यापेक्षा ९२४ ने जास्त आली. ९२४ भागिले ११ म्हणजे ८४ इंच. पंखाच्या कडेपासून सात फूट मागे, सामानाच्या जागेच्याही पलीकडे, कापडाच्या आत.

तिथलं कापड उघडलं. शिशाचा ठोकळा, नळीला बोल्टने आवळलेला. पुढचं इंजिन जड झालं म्हणून तोल साधायला कुणीतरी बसवला असणार. इंजिन गेलं, शिसं तिथेच राहिलं.

अकरा पौंडांनी काय होतंय, असं मालकच म्हणाला. भरलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य त्याने अर्ध्या इंचाहून थोडा जास्त मागे सरकतो. ऐकायला किरकोळ. पण वेग पडून पंखांचा आधार सुटला की नाक आपणहून खाली यायला हवं. गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला तर ते येईलच असं नाही. शिवाय कबमध्ये एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसतो, म्हणजे भार आधीच मागे.

मला मात्र शिशापेक्षा त्या बोल्टांची जास्त भीती वाटली. नळीला दोन भोकं पाडली होती आणि त्यातून वर्षानुवर्षं ओल आत गेलेली. हातोडीने हलकं ठोकलं तर एका ठिकाणी आवाज बद्द आला. आतून गंज.

ठोकळा काढणं सोपं होतं. मूळ रूपात आणलं, लॉगबुकात लिहिलं, झालं. नळीचा तेवढा तुकडा कापून नवा जोडला, आणि ती मोठी दुरुस्ती म्हणून तिचा फॉर्म ३३७ भरला. मालक महिनाभर रुसला होता. ठोकळा त्याने मागून नेला, आता त्याच्या गॅरेजचं दार त्याने अडवून ठेवतो.