स्मार्टवॉचच्या पोटातल्या चिप्स

पाइनटाइम या स्मार्टवॉचचा बोर्ड भिंगाखाली धरला, की आधी शोधायचं ते ‘एन५२८३२’. नॉर्डिक कंपनीची ही चिप म्हणजे घड्याळाचा मेंदू, ब्लूटूथही तिच्यातच. अक्षरं दिसत नसतील तर दिवा तिरपा धरावा, लेझरने कोरलेला मजकूर उठून दिसतो.

आठ पायांची चिप बहुधा फ्लॅश मेमरी. इथे ती ४ एमबीची.

नाडी मोजणारा सेन्सर ओळखायला अक्षरंही लागत नाहीत. मनगटाच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो, तिथेच तो. धातूच्या झाकणाची चिमुकली डबी बहुधा क्रिस्टल असते. वेळ राखणाऱ्या क्रिस्टलची सेकंदाला ३२,७६८ कंपनं होतात. ती पंधरा वेळा निम्मी केली, की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. हिशेब मोठा देखणा!

घड्याळ उघडताना मात्र अवजाराचं टोक बॅटरीला लागू देऊ नका. लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेऊ शकते.