गुठळीचा माग

सिरॅमिकची पट्टी मोडली की तुकडे फेकायचे नाहीत. मोडलेल्या पृष्ठभागावर आरशासारखा गुळगुळीत भाग दिसतो. त्याच्या मधोमध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की तडा कुठून सुटला ते कळतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेड लँग आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिना-झिर्कोनियाच्या पट्ट्यांचा असाच पंचनामा केला. दोष भट्टीचा नव्हता, पावडरीचा होता. कठीण गुठळी भाजताना आजूबाजूच्या पावडरीपेक्षा वेगळ्या प्रमाणात आकसते आणि तिच्या कडेने फट पडते. पावडर पाण्यात विखरून जड गुठळ्या तळाशी बसू दिल्या, वरचंच घेतलं, तर ताकद वाढली. मग दुसरा चोर सापडला: पावडरीत पडलेले बारीक तंतू. भाजताना ते जळतात, पोकळी मागे राहते.

स्टील अशा ठिकाणी जरा वाकून ताण पचवतं, सिरॅमिकला ते जमत नाही. ग्रिफिथने १९२१मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, दोष चौपट लहान केला तर ताकद दुप्पट होते. साध्या अ‍ॅल्युमिनाला मोडायला केसाच्या जाडीएवढा दोष पुरतो. पावडरीच्या पिंपावर शुद्धता ९९.९ टक्के लिहिली म्हणून खरेदी खातं खूश होतं. त्या आकड्यात गुठळी दिसत नाही.

गुठळ्यांतही फरक आहे. नुसत्या चिकटलेल्या कणांची गुठळी बॉल मिलमध्ये फुटते. पावडर बनवतानाच जास्त तापली आणि कण एकमेकांत वितळल्यासारखे जुळले, तर ती गुठळी हटत नाही. जास्त दळावं, तर गोळ्यांची झीज पावडरीत उतरते.

खरी गंमत स्प्रे ड्रायरपाशी. पावडर, पाणी आणि पीव्हीएसारखा, कण धरून ठेवणारा बाइंडर यांची स्लरी गरम हवेत फवारली की ५० ते १०० मायक्रॉनचे दाणे खाली पडतात. स्लरी बिघडली तर मेदूवड्यासारखे, मध्ये खड्डा असलेले दाणे निघतात. साच्यात ते नीट चेपले गेले नाहीत तर फटी उरतात, आणि भाजल्यावरही त्या पुरत्या मिटत नाहीत. हवेतला ओलावासुद्धा इथे हात मारतो: कोरड्या हवेत पीव्हीए कडक होतं, दमटात मऊ. त्यामुळे मेमध्ये चालणारा दाब जुलैत तसाच चालेल याचा भरवसा नाही.

इतकं करूनही एखादी गुठळी निसटतेच, आणि चार नमुने मोडून ती सापडत नाही. म्हणून कृत्रिम खुब्याचे सिरॅमिक गोळे एकेक करून भाराखाली तपासतात. कच्चा असेल तो कारखान्यातच फुटतो.