मरहूम आई 'काहीच करत नव्हती'?

शाळेत प्रवेशाचा अर्ज भरताना आईच्या व्यवसायाच्या रकान्यात पालक बहुधा 'काही नाही' असे लिहितात किंवा नुसती रेघ ओढतात. शाळेच्या कामात त्याने काही बिघडत नाही. पण घरातली बाई रस्ता अपघातात गेली आणि हेच शब्द मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गेले, तर लेकरांच्या हक्काला कात्री लागते. पगारच नव्हता, तर उत्पन्न बुडाले कुठे, असा विमा कंपनीचा सवाल असतो.

सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर एकदा नव्हे, अनेकदा दिले आहे. २०१० च्या निकालात न्यायालयाने जनगणनेवरच बोट ठेवले. तिथे गृहिणींना भिकारी आणि कैद्यांसोबत 'अनुत्पादक' गटात टाकले होते. ५ जानेवारी २०२१ चा निकाल दिल्लीतल्या एका जोडप्याचा. २०१४ मध्ये मोटारीच्या धडकेत नवरा-बायको दोघेही गेले. उच्च न्यायालयाने २२ लाखांवर आणलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ३३ लाख २० हजार केली. बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७ मिनिटे, ही सरकारी पाहणी त्या निकालात आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर न्यायालयाने थेट विचारले की, गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीच्या मजुरापेक्षा कमी कसे धरता? अडीच लाखांची भरपाई तिथे सहा लाख झाली.

हिशेब कसा होतो?

समजा, बाईचे वय ३२. मागे नवरा आणि तीन मुले. न्यायाधिकरणाने तिच्या कामाची किंमत महिना १०,००० रुपये धरली, तर वर्षाचे १,२०,००० झाले. वय चाळीसच्या आत असल्याने पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून १,६८,०००. तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १,२६,०००. या वयासाठी १६ ने गुणायचे असते. एकूण २०,१६,००० रुपये. तीच किंमत महिना ३,००० धरली, तर हातात येतात ६,०४,८००. 'काही करत नव्हती' म्हणण्याची किंमत चौदा लाख! म्हणून ती स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची खिदमत, शिवणकाम असे जे काही करत होती, ते सारे अर्जात तपशीलाने लिहा आणि जबाबातही सांगा.

वयाचा पुरावा

हा गुणाकार वयावर ठरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख ग्राह्य धरली. आपल्या घरांत लग्न झालेल्या बायकांचा दाखला बहुधा माहेरच्या शाळेतच पडून असतो. तो आजच मागवून ठेवावा. मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की दुय्यम प्रत मिळू शकते.

सहा महिने आणि इद्दत

१ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट आहे. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. पण तो अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर थांबू नये. घरचा कर्ता पुरुष गेला, तर चार महिने दहा दिवस बेवा इद्दतीत असते. ती संपल्यावर बघू म्हटले, तर हाती जेमतेम पावणेदोन महिने उरतात. कायद्याने कोणताही एक वारस सर्वांच्या वतीने दावा करू शकतो, आणि बेवेची सही वकील घरी येऊन घेऊ शकतात. दावा राहत्या जिल्ह्यातही चालतो. अपघात झाला त्या गावी जावे लागत नाही.

एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, धडक देणाऱ्या गाडीचे आरसी बुक व विमा पॉलिसी यांच्या प्रती पहिल्या महिन्यातच गोळा कराव्यात. सून किंवा जावई गेल्यावर त्यांच्यावर अवलंबून असलेली सासूही वारस ठरू शकते: २०२१ मध्ये जावयाच्या मृत्यूच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सोबत राहणाऱ्या सासूचा हक्क मान्य केला.

आता दुसरी बाजू. धडक आपल्याच रिक्षाने किंवा टेम्पोने दिली तर? थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो संपलेला असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. मग घर-जमीनही पणाला लागते. २०२४ च्या त्या सहा लाखांच्या प्रकरणातही गाडीला विमा नव्हता.

मौत अल्लाहच्या हाती आहे, आणि सब्र करणे आपले काम. पण सब्र म्हणजे यतीम लेकरांचा हक्क सोडून देणे नव्हे. भरपाई मागणे ही लालूच नाही. त्या पैशातून मुलांची शाळा चालू राहते.